मसाल्याची डांगर बियर: चाखली असेल तर लिहा

मराठवाड्याला बियर नवी नाही. वाळूज-चिकलठाण्यात भरलेल्या बाटल्या दूरदूर जातात, आणि संभाजीनगरात बहुतेकांचा कुणी ना कुणी नातेवाईक तिथल्या शिफ्टला गेलेला असतोच. पण ती सगळी लागर. पिवळी, थंडगार, शेवटी जराशी कडवट. डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणि दालचिनी-जायफळ घातलेली बियर हे प्रकरणच वेगळं. अमेरिकेत ती ऑगस्टअखेर दुकानांत येते आणि थँक्सगिव्हिंग झालं की दिसेनाशी होते, म्हणजे साधारण आपला गणपती ते दिवाळीचा हंगाम. आपली पोरं-पोरी तिकडं भरपूर आहेत, सुट्टीला येताना बॅगेत बियरचे डबेही येतात, तेव्हा चाखलेले बरेच असणार.

सुरुवात मी करते. भाच्यानं आणलेला डबा आम्ही घरातल्यांनी जेवणाआधी वाटून घेतला. रंग तांबूस, उजेडात धरला की केशरीकडं झुकणारा. फेस मळकट पांढरा, लवकर बसला. फ्रिजमधून काढल्या काढल्या नुसती गोडसर लागली, मागं थोडी दालचिनी. ग्लास तसाच राहिला, आणि गप्पांच्या नादात पुन्हा उचलला तर नाकाशी जायफळ आलं, मग सुंठ. थंडपणा उतरल्यावर मसाला उघडतो. डांगर मात्र चवीला म्हणून सापडलं नाही. जिभेवर थोडा जाडपणा राहिला, तो डांगराचा की माल्टचा (बियरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), हा माझा प्रश्न. त्यासाठीच हा धागा काढलाय.

लिहाल ते नेमकं लिहा. कोणता मसाला पुढं आला, डांगर लागलं का, सोबत काय खाल्लं. आवडली नसेल तर का नाही, तेही. आणि महाराष्ट्रात बियरसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण असावी लागतात, हे लक्षात असू द्या.

लातूरकर, मुक्काम सिएटल:

इथली एलिजियन ब्रुअरी भोपळ्याच्या बियरचा मोठा उत्सव भरवत आलीय. अवाढव्य भोपळा आतून कोरतात, त्यात बियर भरतात आणि वेळ झाली की त्यालाच तोटी ठोकून ग्लास भरतात. लोक रांगा लावून उभे असतात. मला त्यांची डार्क ओ द मून सगळ्यांत आवडते. ती काळी, स्टाउट प्रकारातली. भाजलेल्या माल्टचा कडवटपणा आधी येतो आणि दालचिनी गिळल्यानंतर घशात जाणवते. गोडी कडवटपणाच्या मागं राहते, म्हणून दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो. तांबूस बियरच्या बाबतीत मला तसं होत नाही.

डांगर का लागत नाही, याची गोष्ट मोठी छान आहे. वसाहतींच्या काळात तिकडं भोपळा घालत तो चवीसाठी नव्हे. चांगलं माल्ट सहज मिळत नसे आणि भोपळा परसात पडलेला असे. 1771 ची एक कृती आजही वाचायला मिळते: भोपळे कुटायचे, सफरचंदं पिळतात तसा रस काढायचा, उकळून त्यात हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी वेलीवरची फुलं) घालायचे आणि आंबवायचा. पुढं माल्ट मुबलक झालं आणि हा प्रकार मागं पडला. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या बिल ओवेन्स यांनी तो परत आणला. त्यांनी भोपळा घालून बियर काढली, तर भोपळा लागेचना. मग भोपळ्याच्या 'पाय' (pie) नावाच्या गोड पदार्थासाठी मिळतो तो तयार मसाला आणला, त्याचा अर्क काढला आणि बियरमध्ये ओतला. आज ज्याला आपण डांगर बियरची चव म्हणतो ती त्या दिवसापासूनची.

जालना:

बोस्टनला मुलीकडं गेलो होतो तेव्हा प्यायलो. ग्लासच्या कडेला दालचिनी-साखर लावून देतात. मला बियर कडवटपणासाठी आवडते. ही नाही आवडली.

लातूर, कांडपवाले:

मी माळकरी आहे, बियर पीत नाही. हुंगलेल्याचा अनुभव चालत असेल तर लिहितो. आमचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. उन्हाळ्यात काळ्या मसाल्याचा हंगाम लागला की पहाटेपासून डंका सुरू. थोरला डेलावेअरला असतो. मागं आला तेव्हा डॉगफिश हेड ब्रुअरीची पंकिन एल ही डांगर बियर घेऊन आला आन म्हणाला, "बाबा, पिऊ नका, निस्ता वास घ्या आन सांगा ह्यात काय काय टाकलंय."

मी ग्लास आधी हातात धरून बसलो. थंड जिन्नस वास देत नाही, म्हणूनच काळ्या मसाल्याला एकेक जिन्नस तेलावर वेगवेगळा भाजून घ्यावा लागतो. पहिली आली दालचिनी, तीही जाड सालीची. पातळ सुरळीच्या दालचिनीचा वास मवाळ असतो, ही सरळ नाकात शिरली. दुसरं जायफळ. तिसरा वास गोड होता, पण पांढऱ्या साखरेचा नव्हे. काकवीचा अंश असलेल्या साखरेचा. तिथपर्यंत पोरगा मान हलवत होता.

चौथा लवंगेचा, आणि तिथं माझं घोडं अडलं. लवंग असती तर नाकाच्या शेंड्याला झोंबली असती. ही झोंबत नव्हती. लवंग, थोडे मिरे, थोडी दालचिनी, आणि हे सगळं एकाच दाण्यातून आल्यासारखं. दगडफूल, नाकेश्वर, जायपत्री, शहाजिरं मी डोळे मिटून ओळखतो, त्यातलं हे काही नव्हतं. एखाद्या कुटणाऱ्यानं सगळं एकत्र करून कुटलं तरी वास सुटे सुटे कळतात. हा सुटा होतच नव्हता. आणि डांगर? आमच्यात पित्तरपाटाला डांगराची भाजी होतेच, भाजलेल्या डांगराचा गोडसर वास मला पाठ आहे. त्या ग्लासात तो नव्हता. पोराला म्हणलं, चौथं काय ते शोध. तो परत गेला आणि राहून गेलं. कुणाला ठाऊक असेल तर सांगा, मनातून जात नाही.

वाळूज, निवृत्त:

नोकरी एका बियर कारखान्याच्या ब्रूहाऊसला, म्हणजे बियर शिजवतात त्या विभागात, झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही बियर मी बंगळुरूच्या एका मायक्रोब्रुअरीत नळावरची प्यायलो. सुंठ पुढं होती, जायफळ बेताचं, फेस शेवटपर्यंत टिकला. मसाला जिथं हात राखून घातलेला असतो तिथं खालचं माल्ट जाणवतं, आणि मला ती बियर त्यासाठी आवडली.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: जाडपणा मुख्यतः माल्टचा. डांगरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बाकीच्यात पिष्ट आणि थोडी साखर. भाजलेला गर माल्टबरोबर 65 ते 68 अंशांवर ठेवला की माल्टमधली विकरं पिष्टाची साखर करतात आणि पुढं यीस्ट ती साखर संपवतं. चवीला उरणार काय? थोडा रंग, थोडा भरीवपणा. करणाऱ्याला त्रास मात्र पुरेपूर: गर तळाला बसून लगदा होतो, रस खाली उतरत नाही, म्हणून भाताचा तूस मिसळावा लागतो. मसाला उकळीच्या अगदी शेवटी टाकतात, नाहीतर वास वाफेबरोबर निघून जातो. म्हणून एकाच कृतीची बियर एका ठिकाणी घमघमते आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती गोड लागते.

कांडपवाले दादा, लवंगेचा वास यीस्टमधूनही येतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये लवंग कणभर नसते, तरी वास येतो, तो त्या जातीच्या यीस्टचा. पण तुम्ही मिरे आणि दालचिनी त्याच दाण्यात म्हणताय, ते काही यीस्टचं काम वाटत नाही.

जाता जाता एक. 2016 च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. एक लिटर बियरमागं कित्येक लिटर पाणी जातं. एरवी धडधडणारा विभाग त्या उन्हाळ्यात शांत असायचा. बियरच्या चवीबद्दल बोलताना मला पाणी आठवतंच.

परभणी:

शेतीच्या बाजूनं भर घालतो. आपलं डांगर आणि अमेरिकेत डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर बहुतेक वेळा एकाच जातीचे असतात, कुकुर्बिटा मोशाटा. कोरून दिवे करतात तो नारिंगी भोपळा कुकुर्बिटा पेपो, गराला पाणचट. दोन्ही मुळात अमेरिका खंडातलेच. तेव्हा गराच्या बाबतीत आपण कुठंच कमी नाही. साल टणक होईपर्यंत वेलीवर राहिलेलं डांगर भाजलं की जी गोडी उतरते ती एखाद्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीनं वापरून बघावी, मी प्यायला पुण्यापर्यंत येईन.

धाराशिव:

सोबत काय खावं यावर कुणी लिहिलं नाही. डॅलसला भावाकडं आम्ही मटणाचा काळ्या मसाल्याचा रस्सा केला होता आणि त्याच्यासोबत सदर्न टियर ब्रुअरीची पमकिंग ही डांगर बियर उघडली. जमलं नाही. दोन्हीकडं लवंग-दालचिनी, त्यात रश्श्याचं तिखट. बियरची व्हॅनिलासारखी गोडी पार दबली आणि तिखट आणखी भडकलं. दुसऱ्या दिवशी वहिनीनं धपाटे केले, वर लोणी आणि बाजूला शेंगदाण्याची चटणी. हे फारच छान जुळलं. लोण्यानं मसाल्याची धार कमी होते आणि ज्वारीचा खरपूसपणा माल्टला धरून राहतो. नुसते खारे शेंगदाणेही चालतात. घारगे घेऊन पाहिले, पण गोडावर गोड होतं.

एक सांगून ठेवतो. पमकिंगमध्ये 8.6 टक्के अल्कोहोल आहे. आपल्या स्ट्राँगच्या बाटलीवर 8 टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं, म्हणजे ही त्याच्याही वर. गोडीमुळं ते कळत नाही. लहान ग्लासात घ्या आणि नंतर गाडीला हात लावू नका.

अंबाजोगाई:

डांगरं घरची आहेत. घरी करता येईल का? कृती द्या.

धागाकर्ती:

नाही. अमेरिकेत घरच्यापुरती बियर करायला 1978 च्या कायद्यानं मोकळीक दिली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, त्यामुळं कृती इथं मागू नये आणि देऊ नये. मसाल्याची चवच हवी असेल तर डांगराच्या फोडी भाजून गर काढा, गूळ, सुंठ आणि जायफळ घालून पाण्यात उकळा, गाळून गार करा, वरून लिंबू पिळा. घरी पाहुण्यांना मी हेच देते आणि मुलंही पितात. लवंग घालायचीच असेल तर सगळ्या पातेल्याला एखादीच, नाहीतर तीच तेवढी लागते.

नांदेडची, सध्या न्यू जर्सी:

कांडपवाले काका, तुमचा मजकूर वाचून मी आज मुद्दाम पंकिन आणली. 7 टक्क्यांची आहे. घटक असे: भोपळ्याचा गर, ब्राऊन शुगर, ऑलस्पाइस, दालचिनी, जायफळ. लवंग नाहीच! तुमचा चौथा वास ऑलस्पाइसचा. जमैकाकडच्या एका झाडाची ही वाळवलेली फळं, दिसायला मिऱ्यापेक्षा थोडी मोठी, रंगानं तपकिरी. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल यातही असतं, पण एकूण तेलच लवंगेपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून तुमच्या नाकाला झोंबलं नाही. आणि काकवी म्हणालात तेही बरोबर, ब्राऊन शुगरमध्ये काकवीचा अंश असतोच.

मी स्वतः ही बियर इतकी वर्षं पिते, पण "मसाला" एवढंच म्हणून सोडून द्यायची. आज तुमच्यासारखा ग्लास हातात धरून बसले आणि चारही वास त्याच क्रमानं आले. चव बियरची म्हणाल तर गोडी बेताची, शेवट कोरडा, आणि दालचिनीपेक्षा ऑलस्पाइस जास्त वेळ रेंगाळतं. डांगर मलाही लागलं नाही.

मुलगा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याला ऑलस्पाइसचे अख्खे दाणे आणायला सांगा. पूड नको, तिचा वास वाटेतच उडून जातो. दाणे आले की थोडे कुटून बघा आणि काळ्या मसाल्यात चालतील का, ते इथं नक्की लिहा.