मिसूरीचा रायली: कर्तबगार की नुसता अहवाल छापणारा?

तासगावकर: "चार्ल्स रायली म्हणजे नऊ वर्षांत नऊ अहवाल छापणारा सरकारी बाबू, बाकी श्रेय लाटलेलं." हे काल इथे वाचलं आणि डोकं फिरलं. 1868 ला अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने त्याला आपला पहिला कीटकतज्ज्ञ नेमलं, तेव्हा पंचविशीही उलटली नव्हती. 1871 ला तो फ्रान्सला गेला. तिथल्या द्राक्षांची मुळं खाणारा फिलॉक्सेरा आणि अमेरिकेत पानांवर गाठी आणणारी कीड एकच, हे त्याने पक्कं केलं. अमेरिकन वेली ती कीड सोसतात, म्हणून त्यांच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलमं भरून फ्रान्सच्या बागा वाचल्या. फ्रेंच सरकारने सुवर्णपदक दिलं ते काय रद्दीसाठी?

बांधावरून: ते मीच लिहिलं आणि शब्द मागे घेत नाही. मुळांवरची कीड 1868 ला शोधली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशोंने. खुंटाच्या काड्या फ्रान्सला पाठवल्या हर्मन येगरसारख्या मिसूरीच्या बागायतदारांनी. माझ्या वडिलांनी वांग्याची एक जात वीस वर्षं निवडून जपली. एक साहेब बी घेऊन गेले, पुढे पत्रकात वडिलांचं नाव नाही.

निफाडची सून: वडिलांवर अन्यायच झाला. पण राग रायलीवर का? 1875 ला टोळांची पिलं मिसूरीतली शेतं फस्त करत होती, राज्यपालांनी 3 जूनला उपास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. रायली आधीपासून सांगत होता, जूनमध्ये पंख फुटले की उडून जातील. गेलेही. लोकांची उपासमार टळावी म्हणून त्याने टोळ स्वतः शिजवून खाऊन दाखवले! आणि खुंटाचं म्हणाल तर आमची अख्खी द्राक्षबाग डॉगरिज नावाच्या खुंटावर आहे. तोही टेक्सासच्या रानवेलीतलाच.

बांधावरून: डॉगरिजचं नाव नको. नुसता माजतो. काडी अंगठ्याएवढी आणि वेलीला घड मोजून सहा.

निफाडची सून: पाणी आणि नत्र आवरलं नाही तर माजणारच. आमच्या विहिरीचं पाणी खारट. स्वमुळावरच्या, म्हणजे कलम न केलेल्या बागेत पानांच्या कडा करपून पार आत वळायच्या. सासऱ्यांनी ती बाग रडत रडत काढली. त्याच मातीत, त्याच पाण्यावर डॉगरिज उभा आहे.

बांधावरून: तीस वर्षं छाटणी करतोय, मला नत्र शिकवू नका.

तासगावकर: अण्णा, आवाज खाली. आपल्याकडे डॉगरिज आला तो फिलॉक्सेरासाठी नाही, खारं पाणी आणि दुष्काळासाठी. ताई बरोबर बोलतायत. पुढचंही ऐका. 1888 ला रायली वॉशिंग्टनला केंद्राच्या कृषी खात्यात होता. कॅलिफोर्नियाच्या संत्री-लिंबाच्या बागा खवले किडीने पांढऱ्या पडल्या होत्या. कीटकतज्ज्ञांच्या परदेश प्रवासाला संसदेने पैसे नाकारलेले, तरी त्याने मेलबर्नच्या प्रदर्शनाच्या खर्चातून आल्बर्ट कोबेलेला ऑस्ट्रेलियाला धाडलं. तिथून आलेल्या, ती कीड खाणाऱ्या व्हेडालिया भुंगेऱ्यांनी बागा वाचवल्या. पुढे क्रिप्टोलेमस हा भुंगेराही कोबेलेनेच कॅलिफोर्नियात नेला.

बांधावरून: मिलीबगवर, म्हणजे पिठ्या ढेकणावर, आपण सोडतो तो क्रिप्टोलेमस? गेल्या साली खोडाची साल सोलली तर खाली पांढरी बुरशीसारखी पिलं दिसली. मी मिलीबगच समजून चिरडणार होतो, मुलाने हात धरला. ती त्या भुंगेऱ्याचीच पिलं होती. बरं, योग्य माणूस योग्य जागी धाडायला डोकं लागतं, एवढं रायलीला देतो. पण ऑस्ट्रेलियात झाडं धुंडाळली कोबेलेने, त्याचं नाव आधी लिहा. आणि डॉगरिज माझ्या रानात येणार नाही.