तुकडे चिकटवून केलेले बास कव्हर मला मान्य नाही

मंद्रसप्तक : पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘मनी’ हे गाणे बास गिटारवर बसवून त्याचे कव्हर (दुसऱ्याचे गाणे स्वतः वाजवून केलेले रेकॉर्डिंग) करू पाहणाऱ्या एका मुलाला काल येथे सल्ला मिळाला, की टॅब (कोणती तार कोठे दाबायची हे आकड्यांनी दाखवणारी लिपी) समोर ठेवावी, रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) एकदा नीट रेकॉर्ड करून गाणेभर चिकटवावी, कारण बास कोणी ऐकत नाही. हा सल्ला मला फार खटकला. १९७३ च्या या गाण्यात बासच सर्वांच्या पुढे चालतो. सात मात्रांची रिफ, गिटारच्या सोलोत चार मात्रा, तिसऱ्या कडव्याला पुन्हा सात, आणि या सगळ्यात मूळ वादकांची लय एकसारखी राहत नाही. मग पहिल्या कडव्यातला तुकडा तिसऱ्यात ठेवला, तर तो ड्रमशी जुळणार कसा? गाणे कानाने उतरवावे आणि आरंभापासून अखेरपर्यंत एका दमात वाजवता आल्यावरच रेकॉर्ड करावे.

जुळे सोलापूर : एका दमाचे हे सोवळे कशासाठी? ज्या गाण्याची सुरुवातच नाणी आणि गल्ल्याच्या यंत्राचे आवाज कापून जोडलेल्या टेपने होते, त्याचे कव्हर तुकड्यांनी केले तर काय बिघडते? माझ्या घराला लागून यंत्रमाग आहेत. बास थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या यंत्रात) जात असल्याने खटखट येत नाही, परंतु बासच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचे कंपन टिपणाऱ्या एका वेटोळ्याच्या चुंबकात) मागांच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर येते, आणि ती गाळायला गेले की ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ४९ हर्ट्झचा जी स्वरच पोकळ होतो. माग थांबतात तेवढ्या अवधीत निघेल तेवढे मी रेकॉर्ड करतो. प्रत्येकाला निवांत बंगला मिळत नाही.

मंद्रसप्तक : जॅझ बास (दोन सिंगल कॉइल पिकअपचा बास) असेल तर दोन्ही पिकअप सारख्या व्हॉल्यूमवर ठेवावेत, घरघर बरीचशी कापली जाते. बंगल्याचे म्हणाल, तर मीही भाड्याच्या खोलीतच वाजवतो.

तिहाई : त्या मुलाने सात मात्रा मोजायच्या कशा, हे आपण दोघेही सांगत नाही. त्याने सरळ तबल्याचा सात मात्रांचा रूपक ताल धरावा. आमच्या कॉलेजच्या बँडमधला बासवादक चारातून सातात परतताना हटकून चुकत असे. मी शेजारी बसून हातावर ‘ती ती ना धी ना धी ना’ दिले, तेव्हा तो सुटला.

मंद्रसप्तक : रूपकाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, खाली (टाळी न देता हात मोकळा फिरवण्याची जागा) असते, आणि या रिफचा सगळा भार पहिल्या मात्रेवरच्या बी स्वरावर आहे. शिवाय रूपक तीन-दोन-दोन चालतो, तर ही रिफ मला चार-तीन अशी ऐकू येते. चुकीच्या जागी जोर देण्याची सवय त्या मुलाला का लावता?

तिहाई : खालीची सम दुबळी असते, असे तबला न शिकलेल्यानेच म्हणावे. तरीही टाळीच हवी असेल तर तीव्रा ताल मोजा. त्यातही सातच मात्रा आहेत आणि समेवर टाळी आहे.

मंद्रसप्तक : तीव्रा चालेल. चार-तीनचा मुद्दा मात्र तसाच राहतो.

सात रस्ता : तालाचा वाद घालताना ‘बास कोणी ऐकत नाही’ हे वाक्य आपण सोडून दिलेत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी बास वाजवत होतो. एका हंगामात मालकाने कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला माझे काम दिले आणि मला घरी बसवले. त्यानंतर त्या गाण्यांवर कोणी नाचले नाही असे नव्हे, पण ढोलकीवाला स्वतः येऊन म्हणाला, की लय धरायला जागा उरली नाही. मोबाइलच्या स्पीकरवर खुल्या ई तारेचा ४१ हर्ट्झचा मूळ नाद पोहोचत नाही, त्याच्या पटीतले वरचे स्वरांशच पोहोचतात. म्हणूनच पिंक फ्लॉइडचा बासवादक रॉजर वॉटर्स याच्यासारखा पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवून प्रत्येक स्वराला टोक द्यायला त्या मुलाला शिकवा.

जुळे सोलापूर : सोलोखालचा चार मात्रांचा बास सतत बदलत जातो, तो चिकटवता येणार नाही, इतके मी मान्य करतो. कडवी मी वेगवेगळ्या बैठकींतच वाजवणार, पण प्रत्येक कडवे नव्याने.

मंद्रसप्तक : चिकटवणे सोडलेत, हे पुष्कळ झाले. सोलो आणि त्यापुढचे कडवे तरी एकाच टेकमध्ये (सलग रेकॉर्डिंगमध्ये) घ्या, कारण चारातून सातात येण्याची जागा तिथेच आहे.