श्रवणचाचणीच्या खोलीतील आवाज मोबाइल ॲपने मोजावा का?

प्रश्न (वाचा-उपचारतज्ज्ञ):
आमच्याकडे ध्वनिरोधक कक्ष नसल्यामुळे श्रवणचाचणी एका शांत खोलीत घ्यावी लागते. त्याआधी मी मोबाइलवरील ॲपने खोलीतला आवाज पाहते आणि आकडा बहुधा ३५ डेसिबलच्या आसपास असतो. रुग्णाच्या आवाजाची तीव्रता नोंदवण्यासाठीही हेच ॲप वापरते. मात्र सहकाऱ्याचा फोन शेजारी ठेवला की तो ५ डेसिबल जास्त दाखवतो. यांपैकी कोणत्या कामासाठी ॲपवर विसंबावे?

उत्तर (श्रवणतज्ज्ञ):
खोलीसाठी मुळीच नको. फोनच्या मायक्रोफोनचा स्वतःचाच गोंगाट साधारण ३० डेसिबलच्या घरात असतो, त्यामुळे आपल्याला दिसणाऱ्या आकड्यात खोलीचा वाटा किती आणि फोनचा किती, हे सांगताच येत नाही. शिवाय एकच ए-वेटेड आकडा, म्हणजे कानाप्रमाणे खालच्या (जाड) सुरांना कमी धरून काढलेला आकडा, इथे अपुरा पडतो. अमेरिकी मानकानुसार साधे हेडफोन कानावर असताना ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात २१ डेसिबलपर्यंतच आवाज चालतो. ए-वेटिंग तर १२५ हर्ट्झला जवळपास १६ डेसिबल वजा करते, आणि पंख्याची किंवा वातानुकूलन यंत्राची घरघर नेमकी याच खालच्या पट्ट्यांत असते. परिणामी निरोगी कानाच्या मुलाचा ५०० हर्ट्झचा उंबरठाही (ऐकू येणारा सर्वात मंद आवाज) वाढलेला दिसू शकतो आणि पालक विनाकारण धास्तावतात. मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते.

उत्तर (ध्वनिमापन अभियंता):
२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नायॉशच्या (अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यावरील संशोधन संस्थेच्या) अभ्यासात आयफोनवरील काही मोजकी ॲप्स प्रमाणित ध्वनिमापक मीटरच्या २ डेसिबल आत आढळली होती, पण ती चाचणी ६५ ते ९५ डेसिबलच्या आवाजावर झाली होती. शांत खोलीला तो निष्कर्ष लावता येत नाही. दोन फोनमधला फरक मायक्रोफोन, आपोआप आवाज वाढवणारी प्रणाली किंवा नुसत्या कव्हरमुळेही पडतो. बाहेरून जोडलेला मायक्रोफोन ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने (ठरावीक तीव्रतेचा आवाज देणाऱ्या उपकरणाने) तपासता येतो. फोनच्या आतला मायक्रोफोन त्यात बसतच नाही. आवाज-उपचारात मात्र तोच फोन, तेच ॲप आणि ओठांपासून नेहमी ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास रुग्णाची प्रगती पाहता येईल. अंतर निम्मे झाले तर आकडा सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणून दोरीने मोजूनच फोन ठेवावा.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. प्रमाणित मीटर मिळेपर्यंत खोलीची खात्री कशी करावी?

उत्तर (श्रवणतज्ज्ञ):
ज्यांचे उंबरठे ध्वनिरोधक कक्षात आधीच मोजलेले आहेत, अशा दोन व्यक्तींची आपल्या खोलीत, नेहमीची यंत्रे चालू ठेवून चाचणी घ्यावी. ५०० हर्ट्झचा उंबरठा वर सरकला आणि ४००० हर्ट्झचा जागेवर राहिला, तर दोष खोलीचा समजावा.