मदत हवी आहे: गेटवर मागायला येणाऱ्यांना 'नाही' कसं म्हणता? (युगांडा, सेवाकार्य)

पूर्व आफ्रिकेत राहिलेलं कुणी आहे का इथे? लांबलचक आहे, पण अडलेय.

मी आणि नवरा पाच महिन्यांपूर्वी युगांडाच्या वायव्येला, अरुआ शहरात आलो. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) सेवाकार्यातून, दीड वर्षासाठी, बिनपगारी. पिवळ्या तापाची लस, वर्क परमिट, मच्छरदाण्या ही सगळी भानगड उरकली आहे, त्यावर सल्ले नकोत.

नवऱ्याचं काम हापशांचं. दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासितांची बिडीबिडी ही वसाहत २०१६ साली वसली. तिथल्याच पोरांना हापसे दुरुस्त करायला शिकवायचं. इथल्या हापशाला यू-टू म्हणतात. पहिल्याच दिवशी ह्याने वरचं झाकण उघडून साखळी बघितली आणि ओरडला, "अगं, हा तर आपला इंडिया मार्क टू!" खरंच तोच. जालन्याच्या मिशनने बनवलेला पंप, मग सोलापूरचा, आणि त्यांच्यावरून १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू, ही वंशावळ तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवली जाते. पाळकसाहेबांना दोनदा.

अडचण संध्याकाळी सुरू होते. पत्र्याच्या गेटवर खडा वाजतो. औषधाला पैसे, गाडीभाडं, पण बहुतेकदा शाळेची फी. १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षण फुकट आहे खरं, पण जेवण, गणवेश असं करत शाळा पैसे घेतातच, आणि वर्षाला सत्रं तीन. एका बाईंनी शाळेची चिठ्ठी इतकी घड्या घालून जपली होती की घडीवरच फाटली होती. आकडा नेमका फाटलेल्या जागी.

भारतीय म्हटलं की इथे व्यापारीच समजतात (दुकानाला शब्दही 'डुका'!). ईदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना हाकललं, पुढे काही परत आले आणि पुन्हा धंद्यात उभे राहिले. त्यामुळे आमच्याकडे पैसे नाहीत हे कुणाला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मानाने आहेतच.

नवरा देतो. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा ('मागेल त्याला दे') दाखला देतो आणि देतो. मी देत नाही, त्याला कारण एक हापसा.

दुसऱ्या महिन्यात एका हापशाला तांबडं पाणी येत होतं. आतले पाइप गंजलेले. पाणी समितीची वर्गणी पुरेना, म्हणून ह्याने खिशातून भर घातली आणि पाइप बदलले. बायका नाचल्या. पुढच्या महिन्यात वर्गणी द्यायला एकही घर आलं नाही. खजिनदार बाईंनी मला वही दाखवली: नावांपुढे खुणा, खुणा, खुणा, आणि मग अख्खा रकाना कोरा. 'पाहुणे भरतील' असं लोक म्हणतात म्हणे.

मी तीस वर्षं नर्स होते. इथे नोंदणी नाही, म्हणून कुणाला सुई टोचू शकत नाही. दिवसभर घरी, त्यामुळे गेट मीच उघडते. 'नाही' म्हणायचं माझ्या वाट्याला, 'हो' म्हणायचं त्याच्या. यावरून कडाक्याचं भांडण झालंय. तुम्ही काय करायचात? आणि दोघांचं एकमत कसं केलंत?

वाटसरू: ताई, मी केनियात काकुमाला होतो. गेटवर रोख नाही, हा एकच नियम ठेवा, आणि तो दोघांच्या तोंडून सारखाच यायला हवा. साहेब संध्याकाळी देतात हे कळलं की लोक संध्याकाळीच येणार, त्यात त्यांचं काय चुकलं? फी द्यायचीच तर शाळेत जाऊन भरा, पावती घ्या. कुणाची भरायची ते तिथल्या मंडळीतल्या वडीलजनांना ठरवू द्या, कुणाच्या घरी काय आहे ते त्यांना ठाऊक असतं. आम्ही ते अस्कारीवर, म्हणजे गेटवरच्या रखवालदारावर, सोडलं होतं, बिचाऱ्याची आळीत भांडणं झाली.

कडुलिंब: वर्गणी तुमच्या पैशांमुळेच थांबली कशावरून? जागतिक अन्न कार्यक्रमाने २०२० पासून तिथलं रेशन कापत आणलंय. २०२३ मध्ये गरजेप्रमाणे तीन गट पाडले आणि जरा बऱ्या ठरवलेल्या घरांचं बंदच केलं. खायचीच मारामार असेल तर हापशाला कोण देणार? आजूबाजूच्या हापशांच्या वह्या बघा.

धागाकर्ती: कडुलिंब, बघितल्या. शेजारच्या दोनांपैकी एकाची वर्गणी आम्ही यायच्या आधीपासूनच रोडावलेली, दुसऱ्याची मात्र अजून नियमित. म्हणजे सगळं पाप आमच्या माथी नाही, पण थोडं आहेच. ह्याला तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पाइपचे पैसे उसने दिले असं समितीच्या वहीत लिहू, जमेल तसे फेडू देत, आणि फिटलेले परत हापशाच्याच पेटीत टाकू. खजिनदार बाई हसल्या. म्हणाल्या, वर्गणी मागायला तोंड तरी राहील.

वाटसरू, गेटवर रोख बंद, यावर आमचा समेट झालाय. वडीलजनांना रविवारी उपासनेनंतर भेटतोय. फक्त त्या फाटक्या चिठ्ठीवाल्या बाईंना शाळा कुठली हे विचारायचंच राहिलं. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत. आज खडा वाजला तेव्हा धावत गेले, पण दुसरंच कुणी होतं.