मदत हवी आहे: दारू सोडायला आलेला माणूस दुसऱ्या भेटीनंतर येईनासा होतो

नमस्कार मंडळी.

मी डिचोली तालुक्यातल्या एका लहान व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. इथे अडीच वर्षं झाली. आमच्याकडे येणारे बहुतेक जण स्वतःहून आलेले नसतात. बायको आणते, भाऊ आणतो, कधी मालक पाठवतो. पहिल्या भेटीत फॉर्म भरतात, मान डोलावतात, दुसऱ्या भेटीला निम्मे उरतात आणि तिसऱ्या भेटीला मी खुर्चीकडे बघत बसते. याचं खापर दारूवर फोडता येतं, पण आता मला वाटू लागलंय की माझ्या बोलण्यातही काहीतरी चुकतंय.

गेल्या वर्षी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं (पुढे एमआय म्हणते). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: समोरच्याला पटवायला जायचं नाही. पिण्याची ओढ आणि सोडण्याची इच्छा एकाच माणसात एकाच वेळी नांदत असतात, हे धरून चालायचं. आपण "सोडा" म्हटलं की तो आपसूक दुसरी बाजू घेतो, आणि जी बाजू तो स्वतःच्या तोंडाने मांडतो ती त्याला जास्त पटत जाते. म्हणून सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये हे पहिल्यांदा लिहिलं, तेही दारूच्याच रुग्णांबद्दल. त्याआधी नॉर्वेत तरुण मानसशास्त्रज्ञांबरोबर काम करताना ती मंडळी त्यांना सारखं अडवायची: हाच प्रश्न का विचारलात, तिथे गप्प का राहिलात? उत्तरं देता देता आपण काय करतो ते मिलरना स्वतःलाच दिसलं. शिकणाऱ्यांच्या प्रश्नांतून निघालेली पद्धत आहे, म्हणून मीही इथे विचारायचं धाडस करतेय.

गोव्यात हे चालतं याचा पुरावाही आहे. संगाथ या इथल्या संस्थेच्या चमूने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन दिलं, त्याचा गाभा एमआयचाच होता. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या पुरुषांपैकी ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर आलेले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. मात्र त्या अभ्यासात दारूवर पूर्ण अवलंबून असलेले लोक घेतले नव्हते. माझ्याकडे येणाऱ्यांचा ऑडिट या पिण्याचं प्रमाण जोखणाऱ्या प्रश्नावलीतला आकडा ४० पैकी २० च्या वरच असतो, म्हणजे बहुधा अवलंबून असलेलेच.

आता अडचण. एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४६, पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकचं कर्ज डोक्यावर होतं. पिणं आधीही होतं, पण रोजची क्वार्टर आणि मग दोन, हे त्यानंतरचं. बायको दाराशी प्लॅस्टिकच्या पिशवीत हॉस्पिटलचे कागद घेऊन बसलेली. पहिल्या भेटीत त्याचं एकच पालुपद: "हांव बेबदो न्हय" (मी बेवडा नाही). आणि मग, "बाय, तूंच सांग, हांवें कितें करपाचें?"

दुसऱ्या भेटीत तो अचानक खुलला. शिरगावच्या लईराई देवीचा तो धोंड आहे, म्हणजे व्रत करून जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जाणारा भक्त. जत्रेआधी पाच दिवस व्रत करतो: मांसमच्छी नाही, दारूचा थेंब नाही, जेवण वेगळं, दिवसातून अनेकदा आंघोळ. बेत (धोंडाच्या हातातली वेताची काठी) कसा सजवतात, होमकुंडातून जाताना पायाखाली काय वाटतं, हे सांगताना त्याचे डोळे बदलले. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, झोप लागत नाही, तरी घेत नाही म्हणाला. मी मनात म्हटलं, सापडलं! आणि बोलून गेले, "पाच दिवस जमतं, तर सहावा दिवस का नाही जमणार?"

त्याने हातातली किल्ली टेबलावर ठेवली, परत उचलली. "व्रत वेगळें, बाय. थंय देवी आसा." मग मोबाइल बघितला आणि विचारलं, "हांव वचूं?" (मी जाऊ?)

तिसऱ्या भेटीला आला नाही. आता बायकोचा फोन आलाय, या बुधवारी एकदा येतो म्हणतोय. माझ्या हातात ही एकच भेट आहे असं समजून मी विचारतेय.

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं? माझं वाक्य प्रोत्साहन होतं असं मला वाटत होतं. त्याला ते कोंडीत पकडल्यासारखं का वाटलं?

दुसरं, भाषेचं. प्रशिक्षणातली सगळी उदाहरणं इंग्रजीत होती. त्यात समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत ठेवायचं असतं. मी "म्हणजे तुम्हाला असं वाटतं की" अशी सुरुवात केली की आवाज आपोआप चढतो, शेवटी "ना?" येतो आणि विधानाची उलटतपासणी होते. कौतुकाचंही तेच. "आज आलात हे खूप मोठं पाऊल आहे" हे माझ्याच कानाला भाषण वाटतं, आणि "शाब्बास" म्हणावं तर चौथीतल्या मुलाला म्हटल्यासारखं होतं. शिवाय तो कोकणीत मोकळा बोलतो. मीही कोकणीतच बोलत असते, पण फॉर्म समोर घेतला की नकळत मराठी "तुम्ही"वर जाते आणि त्या क्षणी कचेरीतली बाई होते.

केंद्रात माझं संभाषण ऐकून चुका दाखवणारं कोणी नाही. अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

– अबोली

जुना गडी:

अबोलीताई, मी समुपदेशक नाही. पेडण्याचा आहे, अकरा वर्षं घेतलेली नाही. तुमच्या माणसाच्या खुर्चीत मी बसलेलो आहे, म्हणून तिथून काय ऐकू येतं तेवढं सांगतो.

"पाच दिवस जमतं तर सहावा का नाही" हे वाक्य मला माझ्या आईने, बायकोने, पंचाने आणि दोन डॉक्टरांनी ऐकवलं होतं. मी एकादशीला घेत नसे. त्या वाक्याचा मला ऐकू येणारा अर्थ असा: तुला जमतं, तरी करत नाहीस, म्हणजे तू लबाड आहेस. वर तुम्ही देवीला मध्ये आणलंत. व्रत ही त्याच्याकडे उरलेली एकमेव स्वच्छ जागा असेल. ती त्याने तुम्हाला विश्वासाने दाखवली आणि तुम्ही तीच पुरावा म्हणून त्याच्यासमोर धरलीत. रागावू नका, तुमची कळकळ दिसतेय म्हणून स्पष्ट लिहिलं.

आणखी एक. "तूंच सांग, कितें करपाचें" हा प्रश्न नसतो. आम्ही तो सगळ्यांना विचारतो. कोणी सांगितलं की ते कसं जमणार नाही हे आम्हाला तोंडपाठ असतं.

डोंगरवाट:

मी पुण्यात मानसशास्त्रज्ञ आहे, व्यसनमुक्तीतच बारा वर्षं. जुना गडी यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. एमआयवरचं मूळ पुस्तक लिहिणारे मिलर आणि रॉलनिक याला दुरुस्त करण्याची ऊर्मी म्हणतात. समोर वाकडं दिसलं की सरळ करायला हात जातोच, आणि तो जातो मायेपोटीच.

ताई, "थंय देवी आसा" हे वाक्य तुम्ही नकार म्हणून ऐकलंत. मला त्यात त्या भेटीतलं सर्वांत मोलाचं काहीतरी दिसतं. तो सांगतोय की शब्द कोणाला दिलाय यावर सगळं अवलंबून आहे. तिथे फक्त एवढंच म्हणायचं, "देवीक दिल्लें उतर तूं मोडना" (देवीला दिलेला शब्द तू मोडत नाहीस). आणि थांबायचं. खरंच थांबायचं, मनात दहापर्यंत मोजा. तो पुढे काय बोलेल ते सांगता येत नाही, पण वचूं म्हणून उठणार नाही.

तुमचे दोन्ही प्रश्न त्यातच सुटतात बघा. "म्हणजे" गाळा. "तुम्हाला वाटतं की" गाळा. "ना?" गाळा. वाक्याचा शेवट खाली आणा, कीर्तनकार ओवी संपवताना आणतो तसा. "ट्रक गेला आणि संध्याकाळ खायला उठली." "घरचे बोलतात तेव्हा आणखी घ्यावीशी वाटते." चुकलं तरी बिघडत नाही, तो दुरुस्त करेल आणि दुरुस्त करताना जास्त सांगेल. एका प्रश्नामागे अशी दोन विधानं, हे प्रमाण मी शिकाऊ मुलांना घोकायला लावतो. भेट ध्वनिमुद्रित करा, अर्थात त्याची परवानगी घेऊन, आणि रात्री नुसते प्रश्न मोजा. पहिल्यांदा मोजले तेव्हा माझे वीस मिनिटांत एकतीस निघाले होते.

कौतुकात "मी" नको, शेरा नको. जे दिसलं ते सांगायचं. "हात कापत होते, तरी पाचही दिवस काढले." संपलं. यात शाब्बास कुठेही नाही, आणि सगळं आहे.

आणि फॉर्म कपाटात ठेवा. तो तुम्हाला "बाय" म्हणतो ना, मग बाय म्हणूनच कोकणीत बोला. कागद तो गेल्यावर भरता येतो.

बुधवारी सुरुवात माफीने करा. "मागच्या खेपेला मी घाई केली, देवीचा विषय तसा काढायला नको होता." याने दुरावा जेवढा कमी होतो तेवढा कुठल्याही तंत्राने होत नाही. मग जमलं तर मोजपट्टी: सोडणं किंवा कमी करणं तुला किती महत्त्वाचं, शून्य ते दहा? आणि जमेल असं किती वाटतं? तो चार म्हणाला तर "सात का नाही" असं विचारू नका, तो न जमण्याची कारणं मोजू लागेल. "शून्य का नाही?" असं विचारा, म्हणजे जमण्याची कारणं त्याला स्वतःला शोधावी लागतात.

सायली (परिचारिका, म्हापसा):

संवादाबद्दल वर छान लिहिलंय. माझं लक्ष "दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, झोप लागत नाही" इथे अडकलं. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप, प्रचंड घाम असं जिवावर बेतू शकतं. कितीही चांगला संवाद झाला आणि तो जोशात "आजपासून बंद" म्हणून उठला, तर कृपया त्याला तसं जाऊ देऊ नका. आधी डॉक्टर. गोळ्यांच्या आधाराने उतरवता येते, थायमिनही (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत याची सोय आहे. घरी फिट आली किंवा असंबद्ध बोलू लागला तर वाट न बघता १०८. हे बायकोलाही सांगून ठेवा.

अबोली:

तिघांचेही मनापासून आभार. जुना गडी, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही, पण ते वाचायलाच हवं होतं. सायलीताई, थरथरीकडे मी निश्चयाची खूण म्हणून पाहत होते, धोक्याची म्हणून नाही. ही चूक माझी आहे. केंद्रात येणाऱ्या डॉक्टरांशी बोलले, बुधवारी ते त्याला तपासतील.

डोंगरवाट, कालपासून गाडीत एकटीच वाक्यांचे शेवट खाली आणायचा सराव करतेय. फार अवघड आहे.

अबोली (बुधवारनंतर):

तो आला. पाऊण तास बसला.

आधी माफी मागितली. तो काही बोलला नाही, फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली. "देवीक दिल्लें उतर तूं मोडना" एवढं म्हणून मी गप्प राहिले. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती चार वेळा बंद पडली, तोवर दोघंही गप्प. मग म्हणाला, देवीला दिलेला शब्द मोडत नाही, पोरीला दिलेला मोडतो. हे मी विचारलेलं नव्हतं. खुलासाही विचारला नाही.

मोजपट्टीवर महत्त्व सात, जमेल असं वाटणं तीन. "शून्य कित्याक न्हय?" बराच वेळ गेला. मग म्हणाला, गेल्या चवथीला गणपती घरात असेपर्यंत, म्हणजे दीड दिवस, त्याने घेतली नव्हती. "कोणें सांगूंक नाशिल्लें." शपथ नाही, व्रत नाही, कोणाचा आग्रह नाही. विसर्जन करून घरी परतताना मात्र घेतली.

सोडतो असं तो म्हणालेला नाही. डॉक्टरांनी तपासलं, पुढच्या आठवड्यात बांबोळीला जायला तयार झालाय. तोपर्यंत एकदम बंद करायची नाही हे त्याला आणि बायकोला दोघांनाही समजावलंय, सायलीताईंनी सांगितलेल्या खुणांसह.

आता नवा प्रश्न. बाहेर आल्यावर बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, "सोडतलो काय ना, तितलेंच सांग." चवथीचं त्याने तिला कधी सांगितलेलं नाही, आणि तिच्या लक्षात आलेलं नाही. ते मी सांगणं बरोबर नाही, ते त्याचं आहे. पण तीही पंधरा वर्षं सोसतेय आणि तिच्या हाती माझ्याकडून आज काहीच पडलं नाही. पुढच्या भेटीत, त्याला विचारून, शेवटची दहा मिनिटं तिला आत घ्यावं का? आत आल्यावर ती पाढा वाचू लागली, आणि तो तिला हक्क आहेच, तर दोघांनाही न दुखावता मी तिथे काय म्हणावं? जोडीदाराला सोबत घेऊन ज्यांनी एमआय केलंय त्यांनी आपली प्रत्यक्ष वाक्यं लिहिली तर बरं होईल, मराठीत किंवा कोकणीत.