सौर वादळाचा गुरूवर काय परिणाम होतो का?

रंकाळा_तारे:
मे 2024 च्या सौर वादळात लडाखला हान्लेचं आकाश लाल झालेलं, तेव्हापासनं डोक्यात हेच घोळतंय. गुरूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीपेक्षा लई ताकदवान, मग त्याला सौरवाऱ्यानं (सूर्याकडनं येणाऱ्या भारित कणांच्या झोतानं) काय फरक पडतो का सगळं आतल्या जोरावरच चालतं? कुणीतरी नीट सांगा की.

लक्ष्मीपुरी_रेडिओ:
भावा दोन्ही आहे, पण आतला जोर जास्त. गुरूच्या आयो ह्या चंद्रावरचे ज्वालामुखी जे बाहेर टाकतात त्यातला सेकंदाला साधारण 1 टन माल प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) होऊन गुरूच्या क्षेत्रात अडकतो आणि गुरू स्वतः 10 तासांच्या आत एक फेरी मारतो, त्यामुळं त्याचं क्षेत्र ह्या प्लाझ्माला ओढत गरागरा फिरवतं, मग जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात आपण कसं बाहेर ढकललं जातो तसा तो बाहेर सरकत चकतीसारखा पसरतो. लांब गेल्यावर त्याला तेवढ्या वेगानं फिरवणं जमत नाही, तो मागं पडतो, आणि तिथं तयार होणारे विद्युतप्रवाह ध्रुवांवरचा मुख्य ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) पेटवतात. म्हणून सूर्य शांत असला तरी गुरूचा ऑरोरा चालूच.

शिवाजीपेठ_फिजिक्स:
बरोबर, पण सूर्याला एवढं बाजूला टाकू नका. गुरूच्या चुंबकीय कवचाची सूर्याकडची सीमा कधी गुरूच्या 63 त्रिज्यांच्या आसपास असते तर कधी 92 च्या, म्हणजे सौरवाऱ्याचा दाब वाढला की अख्खं कवच आत दबतं. पृथ्वीचं साधारण 10 त्रिज्यांवर असतं. गुरूचं कवच आतल्या गरम प्लाझ्मानं फुगलेलं असल्यानं जास्त दबतं, आणि दबलं की ऑरोरा उजळतो, 2016 ला जूनो यान गुरूजवळ पोचायच्या सुमारास हबल दुर्बिणीनं ते टिपलंय.

रंकाळा_तारे:
भारीच. युरेनसचं पण असंच काय?

शिवाजीपेठ_फिजिक्स:
तिथली गोष्ट वेगळीच ओ. त्याचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षापासनं जवळजवळ 59 अंश कललेला, त्यात ग्रहच आडवा, त्यामुळं दर 17 तासांच्या फेरीत सौरवाऱ्यासमोरची मांडणी बदलत राहते. व्हॉयेजर 2 जानेवारी 1986 ला तिथनं गेलं तेव्हा प्लाझ्मा फारच कमी सापडला, मग त्याचे चंद्र निष्क्रिय असतील, म्हणजे आयोसारखा माल सोडत नसतील, असं धरलं गेलं. 2024 ला तोच डेटा पुन्हा तपासला तर दिसलं की यान पोचायच्या थोडंसं आधी सौरवाऱ्यानं ते कवच दाबलेलं, आणि अशी स्थिती 4 टक्क्यांच्या आसपासच वेळ असते! एकाच भेटीवर अख्ख्या ग्रहाचं मत बनवलं ह्याचं मला फार वाईट वाटतं, तिकडं फेऱ्या मारणारं यान गेलंच पायजे.

लक्ष्मीपुरी_रेडिओ:
तोवर गुरूच्या रेडिओ लहरी ऐका. 20 मेगाहर्ट्झच्या आसपास साधा डायपोल (दोन सरळ तारांचा) अँटेना पण चालतो, आयो ठराविक जागी आला की आवाज यायची शक्यता वाढते. फक्त गावाबाहेर जावा, शहरात विजेच्या लाइनीचा खरखराट लई.