शामोनीत जूनअखेर पाच दिवस: पळायला कोणत्या वाटा घेऊ?

सह्यवाट (पुणे)
नमस्कार. भाऊ-वहिनी जिनिव्हात असतात. यंदा त्यांच्याकडे जातोय, त्यातले पाच दिवस (२२ ते २६ जून) मी आणि नवरा फ्रान्समधल्या शामोनीत, माँ ब्लांच्या पायथ्याशी, राहणार आहोत. मी गेली सहा वर्षं डोंगरात पळते. आठवड्यातून दोनदा आतकरवाडीतून सिंहगड, जमेल तसं कात्रज-सिंहगड, आणि गेल्या डिसेंबरात ५० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. आल्प्समध्ये कधी गेले नाही आणि बर्फावर आजवर पाऊल टाकलेलं नाही. फोटो बघून लाक ब्लांचं तळं मनात बसलंय. युटीएमबी या माँ ब्लांभोवतीच्या शर्यतीच्या मार्गाचा एखादा तुकडा तरी पायाखालून जावा अशी फार इच्छा आहे. रोज १५-२० किमी धरलेत. नवरा पळत नाही, पण चार-पाच तास आरामात चालतो. जाणकारांनी वाटा सुचवाव्यात.

लेमानकाठ (जिनिव्हा)
ताई, स्वागत. मी इथे नऊ वर्षं आहे आणि उन्हाळ्यात बहुतेक शनिवार त्याच खोऱ्यात जातात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी रोजचे १५-२० किमी डोक्यातून काढा. तिथे दिवस ठरतो तो चढावर. शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे आणि वरचं केबल कारचं स्थानक प्लांप्राझ साधारण २,००० मीटरवर. गावातून तिथवर उभ्या चढाची एक शर्यत होते, तिची वाट जेमतेम ३.८ किमीची आहे आणि तेवढ्यात १,००० मीटर चढते. म्हणजे आतकरवाडीचा अख्खा चढ संपला की अजून अर्ध्याहून जास्त सिंहगड शिल्लक असतो. दिवसाला ८०० ते १,००० मीटर चढ धरा, किलोमीटर होतील तेवढे होऊ देत. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसून चालण्याचा वेळ लिहिलेला असतो. पहिल्या दिवशी तो वेळ आणि तुमचा वेळ ताडून पाहा, पुढच्या दिवसांचा अंदाज आपोआप येतो.

दुसरी गोष्ट बर्फाची, आणि तुमच्या तारखांना तीच सगळ्यात महत्त्वाची. खोऱ्याच्या दोन बाजू आहेत. एग्वी रूज या डोंगररांगेची बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे, तिथलं बर्फ लवकर वितळतं. समोरची माँ ब्लांची बाजू उत्तरेकडे बघते. तिथल्या घळींमध्ये जूनअखेरपर्यंत, कधी जुलैतही, जुन्या बर्फाचे पट्टे राहतात. खालून बघताना ते पांढऱ्या रुमालाएवढे दिसतात.

असाच एक रुमाल मी जूनमध्ये सकाळी साडेसातला ओलांडायला गेलो होतो. जेमतेम वीस पावलांची आडवी वाट. रात्रभर गोठून बर्फाची वरची पापडी काचेसारखी झालेली. बुटाच्या गुट्ट्या तिच्यात रुतेनात, नुसत्या ओरखडत होत्या. सातव्या-आठव्या पावलाला पाय निसटला आणि मी पाठीवर घसरत पंधरा-वीस मीटर खाली गेलो. घळ पुढे दगडांत रुंद होत होती म्हणून थांबलो. कोपर सोलवटलं, तळहातात खडी घुसली, एवढ्यावर निभावलं. तीच घळ कड्यावर संपत असती तर हे लिहायला मी नसतो. तेव्हापासून माझा नियम एकच: बर्फाचा पट्टा कुठे संपतो ते दिसत नसेल किंवा तो कड्याकडे जात असेल, तर मागे फिरायचं. वीस पावलांचा असला तरी.

आता वाटा.

पहिला दिवस पती बाल्कों स्यूद. गावाच्या वर, जंगलातून, खोऱ्याच्या कडेकडेने आर्जांतियेरकडे जाणारी वाट. चढ-उतार आहेत पण अंगावर येत नाहीत. सावली भरपूर, आणि झाडं विरळ झाली की समोर माँ ब्लां. आर्जांतियेरला पोचल्यावर छोट्या लाल गाडीने परत या. ही गाडी सें-जेर्व्हेहून शामोनी, व्हालॉर्सीनमार्गे स्वित्झर्लंडमधल्या मार्तिन्यीपर्यंत जाते. त्यामुळे एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत पळायचं नियोजन अगदी सोपं होतं. मुक्कामाच्या ठिकाणी गेस्ट कार्ड मागून घ्या आणि त्यावर बस-गाडीत काय सवलत आहे ते विचारा.

दुसरा दिवस ग्रां बाल्कों स्यूद, प्लांप्राझ ते फ्लेजेर हे पुढचं केबल कारचं स्थानक. माझ्या मते पहिल्यांदा येणाऱ्याने पाचांपैकी सगळ्यात स्वच्छ हवेचा दिवस या वाटेसाठी राखून ठेवावा. २,००० मीटरच्या आसपास राहणारी, झाडांच्या वरची, खरोखर सलग पळता येईल अशी वाट आहे. सहा किलोमीटरच्या आसपास, पण शेजारून अख्खी हिमनद्यांची रांग सोबत असते. वर केबल कारने जायचं की पायी, ते पायांना विचारा. कोणत्या केबल कार चालू आहेत आणि शेवटची खाली कधी सुटते हे मात्र आदल्या संध्याकाळीच बघा. ती चुकली तर हजारभर मीटर उतार थकलेल्या मांड्यांनी उतरावा लागतो.

लाक ब्लां २,३५२ मीटरवर आहे. बाजू दक्षिणेची असली तरी उंचीमुळे जूनअखेर शेवटच्या टप्प्यात बर्फ असणं अगदी सामान्य, तळंही अर्धवट गोठलेलं असू शकतं. फ्लेजेरहून वर जा, पण तळं गाठायचंच असं ठरवून जाऊ नका. ट्रे-ले-शां या वाडीच्या बाजूने त्या डोंगरावर लोखंडी शिड्यांची वाट आहे. सुंदर आहे, पण ती पळायची वाट नव्हे, आणि पावसात तर नकोच.

भातखाचर (म्युनिक)
वरच्याशी पूर्ण सहमत. एकच भर: एग्विएत दे पोझेत विसरू नका! ले तूर गावाहून चढायचं, २,२०१ मीटरवरची गवताळ धार पकडायची आणि ट्रे-ले-शांकडे उतरायचं. जूनच्या शेवटी उतारांवर रानटी र्‍होडोडेंड्रॉन फुलायला लागतो, गुडघ्याएवढी गुलाबी झुडपं. उतारावर लाकडी पायऱ्या आहेत, ओल्या असतील तर चक्क चाला.

सह्यवाट (पुणे)
किती मनापासून लिहिलंत, खूप आभार. घसरण्याचा प्रसंग वाचून नवऱ्याने छडी घ्यायचं नक्की केलं! तीन शंका. युटीएमबीचा कुठला तुकडा झेपेल? मी पळत असताना नवऱ्याने काय बघावं? आणि विमा नेहमीचाच चालतो का?

लेमानकाठ (जिनिव्हा)
युटीएमबी म्हणजे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून सुमारे १७० किमी आणि १०,००० मीटर चढ, ऑगस्टच्या शेवटी. २००३ पासून होते. तुम्हाला शामोनी ते लेझूश हा सुरुवातीचा तुकडा सहज जमेल, नदीकाठाने जवळजवळ सपाट आहे. डोंगराचा तुकडा हवा असेल तर व्हालॉर्सीन ते आर्जांतियेर घ्या. दोन्ही टोकांना स्टेशन आहे, थकवा आला की गाडी.

नवऱ्यासाठी मोंतांवेर. १९०९ पासूनची दातेरी रुळांची गाडी १,९१३ मीटरवर नेऊन सोडते, खाली मेर द ग्लास ही हिमनदी. बर्फाकडे उतरताना अमुक साली हिमनदी इथपर्यंत होती अशा पाट्या आहेत. १९९० ची पाटी बघून माझ्या आईने विचारलं होतं, "मग नदी कुठेय?" पुढे पायऱ्यांवर पायऱ्या उतरत राहावं लागलं. माझ्या शाळेच्या दिवसांतलं बर्फ डोक्याच्या कितीतरी वर होतं, हे उभ्या जागी कळतं. तुम्हीही एक दिवस पळणं सोडून सोबत जा असं मी आग्रहाने सांगेन.

रोन_खोरं (व्हाले, स्वित्झर्लंड)
विम्याबद्दल मी सांगते, कारण यात आपले लोक फसतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण त्यात डोंगरातली सुटका धरली आहे का, उंचीची मर्यादा किती, हे वेगळं वाचावं लागतं. फ्रान्समध्ये डोंगरातून सरकारी पथकाने केलेली सुटका साधारणपणे मोफत असते. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल येतं. आणि कोल द बाल्मच्या खिंडीत सीमा तुमच्या पायाखालून जाते, दहा पावलं पुढे गेलात की देश बदलला. दोन्हीकडे आपत्कालीन क्रमांक ११२.

स्वित्झर्लंडच्या बाजूला पाट्यांचे रंग पाठ करा. नुसती पिवळी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तुमच्यासारखीला योग्य. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर ती वाट तुमची नाही.

भावाकडे परतल्यावर एखादा दिवस हाताशी असेल तर आमच्या बाजूला या. सिएर-झिनालच्या मार्गाचा वरचा भाग, शांदोलँ ते झिनाल. शर्यत १९७४ पासूनची, एकूण ३१ किमी, पण तो मारक पहिला चढ तुम्ही बसने पार करा. पुढे हॉटेल वाइसहॉर्नवरून खोऱ्याच्या कडेने मोकळी वाट जाते आणि ४,००० मीटरवरची शिखरं एकेक करून पुढे येतात. मला शामोनीच्या गर्दीपेक्षा ही वाट जवळची आहे. बर्फाची चौकशी इथेही करायचीच.

भातखाचर (म्युनिक)
दुपारची वादळं राहिली. उन्हाळ्यात सकाळ लख्ख आणि तीन वाजता गडगडाट, असं वारंवार होतं. धारेवर असाल तर दुपारच्या आत खाली या. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून गावात टी-शर्टात घाम आला तरी पिशवीत वारारोधक जाकीट, हातमोजे आणि कोरडा बनियन ठेवाच. मेंढ्यांच्या कळपाजवळ मोठे पांढरे कुत्रे असतील तर पळणं थांबवा, लांबून वळसा घाला.

सह्यवाट (पुणे)
धागा वर काढतेय. काल पुण्यात परतलो.

पती बाल्कों, ग्रां बाल्कों, पोझेत, एक दिवस मोंतांवेर, शेवटी लाक ब्लांचा प्रयत्न. पहिल्या दिवशी पाटीवरच्या वेळेच्या निम्म्यात पोचले आणि अंगात जोर आला. ग्रां बाल्कोंवर तोच वेळ पाऊणपट झाला, कारण दर वळणावर थांबून बघत होते. पोझेतच्या धारेवर शिट्टी ऐकून मागे वळले तर दगडावर मार्मोट उभा, मांजरापेक्षा मोठा, पुढचे पाय छातीशी. आम्ही दोघं स्तब्ध.

लाक ब्लांला पोचले नाही. फ्लेजेरच्या वर तासाभराने वाट एका बर्फाच्या उतारात शिरत होती. आधी गेलेल्यांच्या पावलांचे खळगे होते. छडी टोचली तर टोक दोन बोटंही आत जाईना. खाली उतार कुठे संपतो ते दिसत नव्हतं. लेमानकाठ, तुमची सातवी-आठवी पावलं आठवली आणि वळले. खाली येऊन नवऱ्याच्या शेजारी दगडावर बसले, डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. समोर माँ ब्लां पूर्ण मोकळा होता. मला थोडं रडू आलं, तळं हुकल्याचं नव्हे, इतकं बघायला मिळाल्याचं.

जुलैच्या मध्यानंतर कुणी तिथे जाणार असेल तर तळ्यापर्यंत वाट मोकळी झाली का ते इथे नक्की लिहा.